लॅपटॉपची बॅटरी : चार्जिंग, आरोग्य आणि हमी

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेस तापी नदी आहे, तर उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. मुंबई-आग्रा महामार्ग या तालुक्यातून जातो आणि पळासनेर ओलांडल्यावर मध्य प्रदेशात प्रवेश करतो. शिरपूर शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी, तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरील शाळा यांचे व्यवहार एकमेकांपासून भिन्न आहेत. तरीही या सर्वांकडे आज एक साधन समान आहे. ते म्हणजे लॅपटॉप.

खानदेशच्या ग्रामीण जीवनात या यंत्राने अल्पावधीत महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. शिरपूरच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा राज्यातील शेतकऱ्यांना उपलब्ध करून देण्यात आला. जन्म-मृत्यूची नोंद असो वा शाळेची पटनोंद, कागदाच्या दप्तराची जागा संगणकाने घेतली. मात्र कागदाच्या दप्तराला विजेची गरज नव्हती, संगणकाला आहे. वीजपुरवठा खंडित झाला की गावाचे काम चालू राहावयाचे की थांबावयाचे, हे लॅपटॉपमधील हाताच्या पंजाएवढी बॅटरी ठरविते.

या बॅटरीविषयी आपण किती अनभिज्ञ असतो, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने आपल्याच कार्यालयात घेतला. एका बैठकीच्या वेळी वीज गेली. पडद्यावर बॅटरी ६० टक्के दिसत होती, म्हणून सर्व निश्चिंत होते. तथापि दहा मिनिटांच्या आत यंत्र बंद पडले व अर्धे टिपण नाहीसे झाले. चौकशी करता असे आढळले की, संबंधित सहकाऱ्याच्या लक्षात ही कुरकुर चार महिन्यांपूर्वीच आली होती, परंतु त्याने ती कोठेही लिहून ठेवली नव्हती. बिल शोधून पाहिले, तेव्हा बॅटरीच्या हमीची मुदत संपून पाच आठवडे झाले होते. नवी बॅटरी कार्यालयाच्या खर्चाने घ्यावी लागली. दोष बॅटरीत होता, हे खरे. परंतु नुकसान झाले ते नोंद न ठेवल्यामुळे. ही नोंद कोणती, ती केव्हा व कशी ठेवावी, हे सांगणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

विहीर आणि विहिरीतील पाणी

बॅटरीचे चार्जिंग आणि बॅटरीचे आरोग्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शिरपूरकरांना हा भेद समजणे कठीण जाऊ नये. या तालुक्यात २००४ पासून नाले खोल व रुंद करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्याचे जे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तांत्रिक बाजू सांभाळलेल्या या कामाने एक गोष्ट सर्वांना शिकविली. पाणी किती आहे, हा एक प्रश्न. आणि पाणी साठविण्याची जागा किती आहे, हा दुसरा.

बॅटरीचेही तसेच आहे. पडद्यावर दिसणारी टक्केवारी ही विहिरीतील पाण्याची पातळी होय. बॅटरीचे आरोग्य म्हणजे विहिरीची खोली. विहिरीत गाळ साचत गेला तर ती काठोकाठ भरलेली दिसेल, पण पाणी मात्र पूर्वीपेक्षा कमी निघेल. जुनी बॅटरी शंभर टक्के भरल्याचे दाखविते आणि तासाभरात संपते, याचे कारण हेच. ते शंभर टक्के आजच्या क्षमतेचे असतात, खरेदीच्या दिवशीच्या क्षमतेचे नव्हेत.

बॅटरीच्या आत काय घडते?

आजच्या बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. जपानमधील सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. तिच्या मूलभूत संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बॅटरीतील प्रत्येक घटात दोन थर असतात. एक थर ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनचा आणि दुसरा धातूच्या ऑक्साइडचा. दोहोंच्या मध्ये द्रावण असते. चार्जिंग होताना लिथियमचे भारित कण धातूच्या ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. लॅपटॉप वापरताना हेच कण परत फिरतात आणि त्या प्रवासातून आपणास वीज मिळते.

ही ये-जा पूर्णतः निर्दोष नसते. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि काळाबरोबर तो वाढत जातो. त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामास येत नाही. हाच तो विहिरीतील गाळ. बॅटरी वापरली तरी तो साचतो आणि नुसती ठेवून दिली तरी साचतो. फरक वेगाचा असतो. गाळ पूर्णपणे रोखणे कोणाच्याही हाती नाही. तो सावकाश साचेल, अशी व्यवस्था करणे मात्र आपल्या हाती आहे.

चार्जिंगचे दोन टप्पे

चार्जिंग दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ठराविक प्रवाह दिला जातो व बॅटरी भराभर भरते. घटाचा दाब साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत आला की दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात दाब तेवढाच ठेवून प्रवाह हळूहळू कमी करण्यात येतो. यामुळेच ऐंशी टक्क्यांपर्यंतचा मार्ग लवकर संपतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना वेळ लागतो. बॅटरी भरली की आतील नियंत्रक मंडल प्रवाह स्वतःच बंद करते. म्हणून रात्री चार्जर काढावयाचा राहिला तर बॅटरीत जादा वीज भरली जाईल, ही भीती अनाठायी आहे.

मात्र याचा अर्थ लॅपटॉप बारा महिने शंभर टक्क्यांवर जोडून ठेवावा, असा नव्हे. पूर्ण भरलेल्या स्थितीत घटावर रासायनिक ताण अधिक असतो. ज्या कार्यालयात लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, तेथे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय वापरणे हितावह ठरते. अनेक कंपन्या आपल्या यंत्रात अशी सोय देतात. ती बॅटरीच्या रक्षणासंबंधीच्या पर्यायांत सापडते.

नवा लॅपटॉप प्रथम सलग आठ तास चार्ज केलाच पाहिजे आणि बॅटरी पूर्ण संपल्याखेरीज पुन्हा चार्ज करू नये, असे दोन समज अद्याप प्रचलित आहेत. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील होत. लिथियम बॅटरीला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानचा वापर तिला सोयीचा असतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती पूर्ण भरून १० टक्क्यांच्या आसपास उतरू द्यावी, म्हणजे पडद्यावरील टक्केवारीचा अंदाज अचूक राहतो.

चार्जरच्या बाबतीत त्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहावा. ६५ वॅटची गरज असलेल्या यंत्राला मोबाइलचा लहान चार्जर जोडल्यास चार्जिंग अत्यंत मंद होते. प्रसंगी जोडलेला असूनही बॅटरी उतरतच जाते. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. त्यामुळे कमी दाबाचा त्यांना फारसा त्रास होत नाही, परंतु वीज परत येतानाचा आकस्मिक उच्च दाब घातक ठरू शकतो. त्याकरिता योग्य भूयोजन, म्हणजे अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर सर्ज प्रोटेक्टर वापरावा; केवळ अर्थिंग त्यास पुरेसे नसते.

खानदेशचा उन्हाळा

लिथियम बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंश सेल्सियसच्या वर जाणे नित्याचे असते. पत्र्याच्या छपराखालील खोली वा उन्हात उभ्या केलेल्या वाहनाचा अंतर्भाग त्याहूनही तापतो. रासायनिक झिजेचा वेग तापमानाबरोबर वाढत जातो आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हानी अधिक होते.

या विषयातील परिचित आकडे बोलके आहेत. सुमारे ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर ठेवल्यास तिची क्षमता अंदाजे ९६ टक्के राहते. पूर्ण भरून ठेवल्यास ती सुमारे ८० टक्क्यांवर येते. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे अनुक्रमे ८५ आणि ६५ टक्के होतात. बॅटरीच्या रसायनानुसार यात कमी-अधिक फरक पडतो, परंतु दिशा बदलत नाही. न वापरताच वर्षभरात एक तृतीयांश बॅटरी गमावणे, ही कोणत्याही शाळेला परवडणारी गोष्ट नव्हे.

शाळांच्या दृष्टीने उन्हाळी सुट्टी हा यातील कसोटीचा काळ होय. परीक्षा आटोपल्यावर लॅपटॉप लोखंडी कपाटात कुलूपबंद होतात आणि जूनमध्येच बाहेर निघतात. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उष्णतेने झिजते. उलटपक्षी रिकामी ठेवलेली बॅटरी आणखी उतरत जाऊन अशा पातळीला पोचते की, संरक्षक मंडल तिला पुन्हा चार्जच होऊ देत नाही. म्हणून सुट्टीपूर्वी प्रत्येक लॅपटॉप सुमारे ५० टक्के चार्ज करावा, पूर्णपणे बंद करावा आणि इमारतीतील सर्वांत थंड खोलीत ठेवावा. महिन्यातून एकदा कोणीतरी तो तपासावा. या कामाला खर्च नाही. जबाबदारी कोणाची, एवढेच आधी निश्चित करावे लागते.

आरोग्य कसे मोजावे?

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत सांगतात. ४१ वॅट-तासांची बॅटरी दहा वॅट वीज घेणाऱ्या लॅपटॉपला सुमारे चार तास चालविते. क्षमता ३२.८ वॅट-तासांवर आली, तर आरोग्य ८० टक्के झाले आणि तोच लॅपटॉप सव्वातीन तासांत बंद पडेल.

हे मोजण्यास कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही. विंडोज प्रणालीत कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा. त्यानंतर एक मोकळी जागा, एक तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द लिहावा. असे केल्यास यंत्र स्वतःच एक अहवाल तयार करते आणि तो कोठे ठेवला तेही सांगते. त्या अहवालातील तीन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला मूळ रचनेची क्षमता, दुसरा आजची पूर्ण भरलेली क्षमता आणि तिसरा चार्जिंगच्या फेऱ्यांची संख्या. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की आरोग्याची टक्केवारी मिळते. शाळेतील सातवीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित करता येईल; किंबहुना शिक्षकांनी ते मुद्दाम करून घ्यावे.

फेरी म्हणजे चार्जर लावण्याची प्रत्येक वेळ नव्हे. सोमवारी ४० टक्के आणि मंगळवारी ६० टक्के वापर झाला, तर दोन्ही मिळून एक फेरी धरली जाते. लॅपटॉपची बॅटरी सामान्यतः ३०० ते ५०० फेऱ्यांत ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही बॅटऱ्या १,००० फेऱ्यांसाठी घडविलेल्या असतात. क्वचित एखादा लॅपटॉप फेऱ्यांचा आकडा दाखवीत नाही. अशा वेळी क्षमतेचे दोन आकडे पुरेसे होतात.

हमी कशाची असते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लॅपटॉपवर तीन वर्षांची हमी आहे, असे विक्रेता सांगतो आणि आपण बॅटरीलाही तीन वर्षांची हमी गृहीत धरतो. प्रत्यक्षात यंत्राची हमी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची हमी बहुधा एकाच वर्षाची असते. चार्जरचीही मुदत वेगळी असू शकते.

पंचायत सदस्यांना यामागील विचार त्यांच्याच दप्तरातून समजेल. ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत उपभोग्य वस्तूंच्या साठ्याची नोंद नमुना १५ मध्ये, तर जड वस्तूंची नोंद नमुना १६ मध्ये होते. खुर्ची नमुना १६ मध्ये जाते, शाईची बाटली नमुना १५ मध्ये. आपण लॅपटॉप संपूर्णपणे नमुना १६ मध्ये चढवितो. उत्पादक मात्र मनाशी त्याचे दोन भाग करतो. यंत्र ही जड वस्तू आणि बॅटरी ही उपभोग्य वस्तू, अशी त्याची विभागणी असते. वापराने संपत जाणाऱ्या वस्तूच्या झिजेची हमी तो देत नाही.

म्हणून हमी मिळते ती दोषाची, झिजेची नव्हे. सहा महिन्यांत बॅटरी चार्ज होणेच बंद झाले, यंत्र तिला ओळखेनासे झाले किंवा थोड्याच फेऱ्यांत क्षमता एकाएकी निम्मी झाली, तर तो दोष मानला जाण्यास आधार असतो. चारशे फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांवर आली, तर ती झीज होय. दोष आणि झीज यांची सीमारेषा आकड्यांनीच ठरते. ज्या ग्राहकाजवळ आकडे नाहीत, त्याला सेवा केंद्राचा निर्णय निमूटपणे स्वीकारावा लागतो.

पाणी सांडणे, यंत्र पडणे, अनधिकृत ठिकाणी ते उघडणे किंवा अयोग्य चार्जर वापरणे, या कारणांनी झालेले नुकसान सहसा हमीत बसत नाही. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हेही पाहावे. ती सामान्यतः बिलाच्या तारखेपासून धरतात. परंतु कंपनीच्या नोंदीत माल कारखान्यातून निघाल्याची तारीख असू शकते. कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक घालून मुदत तपासावी आणि फरक आढळल्यास बिल दाखवून ती लगेच दुरुस्त करून घ्यावी.

खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : यंत्र, बॅटरी व चार्जर यांच्या हमीच्या स्वतंत्र मुदती, दुरुस्ती जागेवर होईल की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागेल, ते केंद्र कोठे आहे, आणि जास्तीची रक्कम भरून बॅटरीची हमी वाढविता येते काय. शिरपूरहून धुळे पन्नासएक किलोमीटर आहे. सातपुड्याच्या पाड्यावरील शिक्षकाला सेवा केंद्राची एक फेरी म्हणजे एक पूर्ण दिवस, हे ध्यानात घेतल्यास जागेवरील सेवेचे मोल कळते. शासकीय खरेदीत तर मागणीपत्रातच ‘बॅटरीसह’ हा शब्द असणे इष्ट आहे. एका शब्दाने दोन वर्षांचा खर्च वाचू शकतो.

अकराव्या महिन्याची तपासणी

या साऱ्यातून एक सोपी कार्यपद्धती निघते. लॅपटॉप आल्याच्या दिवशी बॅटरीचा अहवाल काढावा. त्यातील तीन आकडे, यंत्राचा अनुक्रमांक, बिलाची तारीख आणि बॅटरीच्या हमीची अखेरची तारीख जडवस्तू नोंदवहीत त्या यंत्रासमोरच लिहावी. दर तिमाहीस पुन्हा आकडे घ्यावेत. अकराव्या महिन्यात, म्हणजे हमी संपण्यापूर्वी एक महिना, कार्यालयातील प्रत्येक लॅपटॉपची आवर्जून तपासणी करावी आणि संशयास्पद बॅटरीची तक्रार त्याच आठवड्यात नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तोंडी तक्रारीला तारीख नसते. लेखी तक्रारीला असते.

तक्रार करूनही न्याय मिळाला नाही, तर स्वतःच्या वापरासाठी यंत्र विकत घेणाऱ्या शिक्षकाला वा विद्यार्थ्याला कायद्याचा आधार आहे. ग्राहक चळवळीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ असा आहे. तेथे तड न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यास शुल्क नाही. तेथेही प्रथम मागितले जाते ते बिल, हमीपत्र आणि लेखी तक्रार.

फुगलेली बॅटरी

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. बॅटरीत वायू साचल्यास ती फुगते. लॅपटॉपचा तळ डगमगतो किंवा बोटाने फिरवावयाचा चौकोन वर उचलला जातो. असे दिसताच चार्जर काढावा, यंत्र बंद करावे व पुन्हा वापरू नये. बॅटरी दाबू अथवा टोचू नये, कारण तिला आग लागू शकते. असा लॅपटॉप कागदांच्या कपाटात ठेवणे म्हणजे गावाच्या दप्तराशेजारी निखारा ठेवण्यासारखे आहे.

नवी बॅटरी घेताना स्वस्त व निनावी माल टाळावा. बॅटरी आणि चार्जर यांवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह व क्रमांक असतो; ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो पडताळता येतो. निकामी बॅटरी घरच्या वा गावच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती वेगळी ठेवून अधिकृत संकलकाकडे देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे, तर ती परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे.

विहिरीतील गाळ एका दिवसात साचत नाही. म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. जो शेतकरी दरवर्षी दोर सोडून खोली पाहतो, त्याला उन्हाळ्यात फसगत सोसावी लागत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीबाबत तो दोर म्हणजे नोंदवहीतील तीन आकडे. प्रत्येक शाळेने, ग्रामपंचायतीने आणि कार्यालयाने एवढी एक नोंद नियमाने ठेवली, तर जनतेच्या पैशातून आलेले हे साधन पूर्ण आयुष्यभर सेवा देईल; आणि वीज गेली म्हणून दाखल्यासाठी पाड्यावरून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.